नदीचं आधीचं नाव

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

शुक्रवार, चौदा मार्च, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. माझं जे काही बदललं ते त्या मिनिटाला. कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये रांगेत उभा होतो, हातात ट्रे, आणि फोनवर अबोलीच्या नावाशेजारचा फोटो गेला. त्या जागी ते राखाडी डोकं आलं, ज्याला चेहरा नसतो. मी लिहिलं, "अबू, काय झालं?" एकच टिक. आज सात महिने होत आले, अजून एकच टिक आहे.

ट्रे मी खाली ठेवला असं माझं म्हणणं. बाकीचे म्हणतात आपटला.

मराठीत लिहितोय कारण इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत आम्ही दोघं लहान मुलांना बाराखडी शिकवायचो तेव्हा ती एकदा म्हणाली होती, "इंग्लिशमध्ये तू नाटकी वाटतोस, मराठीत खरा." माझा जन्म अमेरिकेतल्या एडिसनचा, पण चौदाव्या वर्षापर्यंत वाढलो पुण्यात. त्यामुळे पासपोर्ट अमेरिकेचा आणि अक्षर मराठी शाळेचं.

कॉलेज मी सोडलं. हे लिहून ठेवतो, कारण इथे शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये लोक वेगळं सांगतात. कॉलेजने फक्त एक कागद दिला होता. अबोलीपासून लांब राहायचं, तिच्या हॉस्टेलच्या दारात उभं राहायचं नाही, दुसऱ्या कुणाकरवी निरोप धाडायचा नाही. असला कागद खिशात घेऊन मी लेक्चरला बसणार? सेमिस्टर अर्ध्यावर टाकलं आणि आई-बाबांच्या बेसमेंटमध्ये आलो. पिझ्झा पोचवतो. मे महिन्यात तिची डिग्री झाली आणि ती गेली. कुठे, ते कोणी सांगत नाही. तिची आई शुभा काकू सगळ्यांना सांगतात, "बॉस्टनला जॉब लागला." मी बॉस्टन पालथं घातलं, म्हणजे फोनवर. तिथे अबोली नाही.

मला भीती वाटते. भलत्या वेळी वाटते. दात घासताना, सिग्नलला थांबलेलो असताना छातीत ओला टॉवेल पिळल्यासारखं होतं. तिला कुणीतरी कुठेतरी नेऊन ठेवलंय, ती माझी वाट बघतेय, आणि मी इथे एक्स्ट्रा चीजच्या ऑर्डरी पोचवतोय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज सापडलं!

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची साउंड सिस्टिम दर वर्षी मी सांभाळायचो. यंदा मला कोणी बोलावलं नाही, पण स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढायला विसरले. सकाळी अकरा चाळीसला शुभा काकूंचा मेसेज आला. "नमस्कार. पुढच्या दोन आठवड्यांत कोणी लंडनला जातंय का? फराळाचा छोटा डबा पाठवायचाय. तिथे घ्यायला येतील."

खाली राधिका मावशींनी लगेच लिहिलं, "शुभा, तुझी तर बॉस्टनला ना गं?"

चार मिनिटांत दोन्ही मेसेज गायब. पण मी तोवर स्क्रीनशॉट काढला होता.

पाच महिने काकूंनी अक्षर फुटू दिलं नाही. आणि चकलीपायी सगळं बाहेर. मला हसूच आलं. माझी आईही हेच करेल. पोरगी चंद्रावर असली तरी आधी विचारेल, तिकडे कोणी जातंय का.

हसलो, आणि मग गाडीत बसून स्क्रीनशॉट पुन्हा उघडला. लंडन. म्हणजे समुद्रापार. इतक्या लांब का नेलं तिला? कोणापासून लपवायला?

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बाबांशी वाजलं. मी जेवताना सहज म्हटलं, डिसेंबरात लंडनला जावं म्हणतो.

"काय आहे लंडनला?" बाबा म्हणाले.

"शहर आहे. लोक बघायला जातात."

"मिहीर, माझ्याशी चलाखी नको. शुभाताईंचा मेसेज मीही वाचलाय."

"मग झालं तर. तुम्हालाही माहितीये की ते खोटं बोलतात."

"आपली मुलगी कुठे आहे हे न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही. आणि त्यांच्यावर ही पाळी का आली, ते विचार की स्वतःला!"

मी ताट सरकवलं. आमटी सांडली. आईने पुसायला फडकं आणलं आणि एवढंच म्हणाली, "राजीव, पुरे. त्याला जेवू दे." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हल्ली ती माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी माझ्या हातांकडे बघते. मला वाटतं डिलिव्हरी करून हात खराब झालेत म्हणून.

शनिवार, ११ ऑक्टोबर

केया म्हणजे अबोलीची रूममेट. तिने मला केव्हाच ब्लॉक केलंय, पण तिचं अकाउंट सगळ्यांना दिसतं आणि माझ्याकडे दुसरं अकाउंट आहे. सध्या ती युरोप फिरतेय. आज तिने एक फोटो टाकला. एक लहानशी नदी, आपल्याकडचा ओढा असतो तेवढीच. डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरतो आणि पलीकडे वर निघतो. पुलाबिलाची भानगड नाही. बाजूला गारगोट्यांच्या भिंतीचं बुटकं घर. आणि पाठमोरी एक मुलगी, हिरव्या रेनकोटमध्ये, एका पायावर भार टाकून उभी.

तसं फक्त अबोली उभी राहते. डावा गुडघा थोडा वाकवून.

खाली केयाने लिहिलंय, "हिला कॅम म्हणालात तर इथले आजोबा रागावतात. ग्रांटा म्हणायचं. जुनं नाव."

मी ते वाक्य शंभरदा वाचलं. ग्रांटा. दुपारच्या सगळ्या ऑर्डरी उशिरा पोचवल्या. एका बाईने दार उघडल्यावर विचारलं, "आर यू ओके?" मी म्हटलं, "ग्रेट." तिने पिझ्झा घेतला आणि दाराला साखळी लावल्याचा आवाज आला.

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळपासून पब्लिक लायब्ररीत. खिडकीजवळचं मोठं टेबल पकडलं आणि इंग्लंडच्या नद्या घेऊन बसलो. कॉलेजमध्ये असा कधी बसलो असतो तर बाबांनी पेढे वाटले असते.

तर असं आहे. केंब्रिजमधून वाहणाऱ्या नदीला आज कॅम म्हणतात. पण तिचं आधीचं नाव ग्रांटा. तिच्यावर पूल होता, पुलाजवळ गाव वसलं, गावाला ग्रांटाचा पूल अशा अर्थाचं नाव पडलं. मग शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात ते नाव झिजत झिजत केंब्रिज झालं. आणि मग लोकांनी काय केलं? ज्या अर्थी गाव केंब्रिज, त्या अर्थी नदी कॅम, असं ठरवून टाकलं! नदीवरून गावाला नाव, आणि बिघडलेल्या गावावरून परत नदीला. नदीला विचारलं कोणी? ती आपली आधीपासून ग्रांटा म्हणून वाहतेय. मला खरंच राग आला यार. टेबलावर मूठ आपटली, तर समोरचे म्हातारे गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले.

यावरून आठवलं. मी तिला अबू म्हणतो ते तिला आवडायचं नाही. "माझं नाव अबोली आहे," असं दोन-तीनदा म्हणाली होती. एकदा तर जवळजवळ ओरडून. पण ते लाडाचं नाव आहे, ते वेगळं.

पुढचं महत्त्वाचं. नकाशावर ते जुनं नाव अजून शिल्लक आहे. शहराच्या वर, म्हणजे उगमाकडे, दक्षिणेला, नदीचे फाटे आहेत. त्यातल्या आग्नेयेकडून येणाऱ्या एका बारक्या फाट्यावर ठळक लिहिलंय, ग्रांटा. त्याच्या काठाला मोजून थोडी गावं. रस्ता पाण्यात उतरतो अशी जागा मी उपग्रहाच्या फोटोत शोधली. एका गावात, रस्त्यावरून घेतलेल्या फोटोंत, गारगोट्यांच्या भिंतीचं घरही सापडलं. छपरावरचं मोडकं धुराडं केयाच्या फोटोत आहे तसंच.

नकाशा प्रिंट केला आणि गावाभोवती लाल पेनाने गोल काढला. गावाचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. बाबा वही उघडतील.

आनंद व्हायला हवा होता. पण गोलातून जाणारी ती पाण्याची रेष तेवढी दिसत राहिली. इतकं लहान गाव. कडेला पाणी. तिला पोहता येत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

एक गोष्ट लिहायची राहिली. खरं लिहायचं तर सगळंच लिहावं.

मार्चमध्ये, फोटो जायच्या दोन दिवस आधी, आम्ही पार्किंग लॉटमध्ये बोलत होतो. ती "मला जायचंय" म्हणाली. मी म्हटलं, माझं बोलणं पुरं होऊ दे. ती वळली. मी तिचं मनगट धरलं. जोरात नाही. म्हणजे मला वाटलं जोरात नाही. सोडलं तेव्हा तिथे चार बोटं उमटलेली होती, पांढरी, मग लाल. ती मनगटाकडे बघत राहिली. माझ्याकडे नाही. रडली नाही.

कधी कधी वाटतं तो कागद त्या चार बोटांमुळे आला असेल. पण मी तेव्हाच सॉरी म्हटलं होतं. निदान तीस मेसेज केले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुपारी काकूंच्या गल्लीत गाडी लावून बसलो. कागदावर अबोलीचं नाव आहे, गल्लीचं नाही. गेल्या महिन्यातही बसायचो. मला फक्त घर दिसलं तरी बरं वाटतं. पण आज काकूंची गाडी बाहेर पडली आणि मी मागे निघालो. ठरवून नाही.

त्या देसी ग्रोसरीत शिरल्या. भाजणीच्या पिठाच्या रॅकशी मी त्यांना गाठलं.

"काकू."

त्यांच्या हातातली पिशवी पडली. फुटली नाही. मी उचलून दिली.

"मिहीर. कसा आहेस?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"मजेत. अबोली कशी आहे?"

"छान आहे. बॉस्टनला. थंडी सुरू झाली म्हणत होती."

"बॉस्टनच्या नदीला काय म्हणतात हो काकू?"

त्यांनी पिशवी ट्रॉलीत ठेवली.

"ग्रांटा म्हणत असतील," मी म्हटलं.

काकूंचा चेहरा असा झाला की मला वाटलं या आता खाली बसतात. चोरी पकडली गेली की माणसाचं असंच होतं. मला वाईट वाटलं. त्यांच्यावर राग नाहीच माझा. कोणीतरी त्यांच्याकडून हे करवून घेतंय. मी आवाज खाली आणला.

"काकू, मी रविवारी लंडनला चाललोय. तुमचा डबा मी नेतो ना! नाहीतरी सांगणार कोणाला तुम्ही?"

त्यांनी ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरली. मग हळूच म्हणाल्या, "तिकीट काढलंस?"

"आज काढतो."

"काढ," काकू म्हणाल्या. "काढलंस की मला पाठव. आणि शनिवारी चारला घरी ये. तोवर चकल्या होतील."

शपथ सांगतो, गाडीत येऊन मी रडलो. मला वाटलं होतं सगळं जग माझ्या विरुद्ध आहे.

बुधवार, १५ ऑक्टोबर

तिकीट झालं. रविवारी संध्याकाळी शिकागोहून, सोमवारी सकाळी लंडन. काकूंना पाठवलं. दोन निळ्या टिक!

ब्रिटनला जायला आता फोनवरच परवानगी मिळते. फॉर्ममध्ये गुन्ह्यांबद्दल विचारलं होतं. मी 'नाही' दाबलं. खरंच नाही. कॉलेजचा कागद म्हणजे काही पोलिसांचा कागद नव्हे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

काल दिवसभर भीती. आजही. आता जायचं ठरल्यावर कसली भीती, ते कळत नाही. डोळे मिटले की ती पाठमोरी उभी दिसते, पाण्याच्या कडेला. मी हाक मारतो, ती वळत नाही. मी जवळ जातो तशी ती पाण्यात एक पाऊल पुढे टाकते. आणखी जवळ गेलो की आणखी एक. म्हणजे तिला कोणीतरी ओढतंय असं मला वाटतं. पण स्वप्नात मागे मी एकटाच असतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो. हा दिवस मला आयुष्यभर पुरेल.

चारला बरोबर बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "ये."

त्या घरातून सात महिन्यांनी मला कोणीतरी ये म्हटलं.

टेबलावर डबा तयार होता. चिवडा, शंकरपाळे, आणि बटर पेपरात गुंडाळलेल्या चकल्या. काकू पेपर बांधत होत्या, पण गाठ बसेना, चकल्यांचे तुकडे होत होते. अबोलीचे बाबा, मोरेश्वर काका, समोर बसले होते. काका एरवी मंडळाच्या प्रत्येक नाटकात विनोदी काम करणारे, मला बघितलं की "काय नवाथे, पिक्चर कधी काढताय?" म्हणणारे. आज नुसती मान हलवली. वय झालं त्यांचं.

"चहा घेशील ना?" काकू म्हणाल्या. "साखर दीड चमचा."

त्यांच्या लक्षात होतं!

काकांनी चष्मा लावला. "फ्लाइट कुठली म्हणालास?"

मी फोन दाखवला. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेतली. "किती वाजता उतरते?"

"सकाळी नऊला."

"सीट नंबर?"

"सीट नंबर कशाला काका?"

"असू दे," काका म्हणाले. "उतरल्यावर तुला घ्यायला माणसं येतील. त्यांना सांगायला बरं."

मी म्हटलं, "अहो, मी ट्रेनने जाईन, तुम्ही कशाला..."

"नाही, नाही," काका घाईने म्हणाले. "येतीलच. तू त्यांच्याबरोबर जा. ते विचारतील ते नीट सांग."

मग मी खिशातून नकाशा काढला. मला त्यांना दाखवायचं होतं की मी काही लपवत नाही. टेबलावर उलगडला आणि बोट ठेवलं. "काकू, इथेच ना?"

काकू चहा ओतत होत्या. लाल गोलाकडे बघितलं आणि ओतायच्या थांबल्या. कप अर्धाच भरला होता. काकांनी नकाशा स्वतःकडे ओढला, बघितला, आणि त्यांची नजर काकूंकडे गेली.

"नाही," काकू म्हणाल्या. "हे नव्हे."

"पण ग्रांटा तर इथेच आहे. नकाशावर लिहिलंय बघा."

"अरे, ते जुनं नाव." त्या भरभर बोलायला लागल्या. "तिथले म्हातारे लोक अख्ख्या नदीलाच ग्रांटा म्हणतात. वरची काय, खालची काय. आधी सगळीच ग्रांटा होती ना? तूच वाचलं असशील."

"वाचलंय."

"मग! ती राहते खाली. इलीला. केंब्रिजच्याही पुढे, उत्तरेला. मोठं चर्च आहे. केया तिला घेऊन कुठेतरी फिरायला गेली असेल, तिथला तो फोटो."

मी केयाच्या फोटोबद्दल काही बोललो नव्हतो. पण आई म्हटल्यावर मुलीचे सगळे फोटो बघतच असणार.

काकूंनी कागदावर पत्ता लिहून दिला. अक्षर वेडंवाकडं होतं. एवढं सुंदर फलकलेखन करणाऱ्या बाई, पण घाईत काय होणार.

"हा नकाशा राहू दे माझ्याकडे," काका म्हणाले आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. "तुला आता काय उपयोग?" ते उठून गॅरेजमध्ये गेले. दार नीट लागलं नव्हतं, फोनवर त्यांचं इंग्लिश ऐकू येत होतं, सावकाश, एकेक अक्षर सांगत, "एन फॉर नॅन्सी, ए, व्ही फॉर व्हिक्टर." माझं आडनाव. मला घ्यायला येणाऱ्या माणसांना सांगत होते. आपलं माणूस परक्या एअरपोर्टवर चुकू नये म्हणून एवढी धडपड.

काकू माझ्यासमोर बसल्या. "मिहीर, तू तिला काय सांगणार आहेस?"

"सांगायचं खूप आहे. तिने फक्त ऐकून घ्यायचं."

"आणि तिने दार उघडलं नाही तर?"

"उघडेल."

"नाही उघडलं तर, बाळा?"

"मी थांबेन काकू. मला थांबता येतं. दोन दिवस थांबेन, चार दिवस थांबेन. कधीतरी बाहेर येईलच ना?"

काकूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले, एकात एक घट्ट धरून ठेवले. डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवायला गेलो तर त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. मग हसल्या. "चहा निवला तुझा," म्हणाल्या. "पिऊन टाक."

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, पण दारापर्यंत पोचवायला आल्या. मी पाच पावलं गेलो असेन. मागे दाराचं एक कुलूप फिरलं, मग दुसरं.

घरी आल्यावर एक शंका आली. ती इथेही लिहितो. केयाला त्या आजोबांनी टोकलं ते नदीकाठीच ना? ज्या माणसाला कॅम म्हटल्याचा राग येतो तो त्या वरच्या बारक्या फाट्यावरचाच असणार, जिथे नकाशाही ग्रांटाच म्हणतो. आणि ते मोडकं धुराडं? माझं डोकं सांगतं लाल गोल बरोबर आहे. आधी तिथे जावं, मग इली.

पण मग काकू खोटं बोलल्या असं होईल. आणि मला ये म्हणणारी ती एकच बाई आहे. तिच्यावरही विश्वास ठेवला नाही तर मी अगदी तसा होईन, जसा हे सगळे मला समजतात.

नाही. इलीलाच जायचं. ठरलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

गाडी यायला नऊ मिनिटं आहेत. घराबाहेरच्या पायरीवर बसून लिहितोय. ऊन आहे, पण बोटं गारठलीत.

सकाळी आईला शुभा काकूंचा फोन आला होता. आई बेडरूमचं दार लावून अर्धा तास बोलली. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. मला वाटलं आता अडवणार. पासपोर्ट मी खिशातच ठेवला होता. पण तिने अडवलं नाही. बाबाही काही बोलले नाहीत. ते वर खिडकीत उभे आहेत, मघाशी हात केला तर मागे झाले.

माझी बॅग आईने भरली. लहान होतो तेव्हा भरायची तशी, सगळ्या घड्या एका मापाच्या.

"स्वेटर वर ठेवलाय," ती म्हणाली. "आणि हे बघ मिहीर. तिथे कोणी काही विचारलं तर चिडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. हात खिशाबाहेर, दिसतील असे ठेव. खरं तेच सांग. ते लोक त्यांचं काम करत असतात."

"कोण लोक?"

ती थांबली. "इमिग्रेशनवाले रे."

"आई, मी काय पहिल्यांदा विमानात बसतोय?"

"नाही. तरी." तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिली, जणू मी कुठल्या लढाईला चाललोय. "तुला मदतीची गरज आहे, बाळा. मला आधीच कळायला हवं होतं. आम्ही दोघंही येऊ. तू कुठेही असलास तरी पहिल्या विमानाने येऊ."

"लग्न ठरलं की बोलावतो," मी म्हटलं. तिला हसवायला.

ती हसली नाही. उद्या लक्ष्मीपूजन, आणि मुलगा घरात नाही. आईला अशा वेळी रडू येणारच. मी तिला म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

छातीतला टॉवेल आज सकाळपासून पिळतोय. एवढं सगळं मनासारखं झालं, काकू आपल्या बाजूला आल्या, घ्यायला माणसं येणार, तरी ही भीती जात का नाही? तिला पाहिलं की जाईल. ती दार उघडेल, मी म्हणेन, अबोली. या वेळी पूर्ण नाव घेईन. तिला तेच आवडतं.

मघाशी निघताना डबा हातात, बॅग खांद्यावर, आणि आई उंबऱ्याशी. ती तिथेच उभी राहणार होती, दार धरून, गाडी वळेपर्यंत. पण उघड्या दारातून थंडी आत शिरत होती आणि तिच्या अंगावर साधी शालसुद्धा नव्हती. मी म्हटलं, "आत जा, मी जातो." तिची बोटं दारावरून हलेनात. मी ती एकेक करून सोडवली, सावकाश, अजिबात जोर न लावता, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.